दाखल क्रमांकातली हरवलेली शून्यं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयाची दाखल वही मी डेटाबेस ॲपमध्ये चढवली. दाखल क्रमांकाच्या, म्हणजे पुस्तक नोंदताना त्याला मिळणाऱ्या क्रमांकाच्या, रकान्याला सरळ ‘नंबर’ हा प्रकार दिला आणि पुस्तकाच्या पाठीवरचं ‘०००४७’ पडद्यावर नुसतं ‘४७’ झालं. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो आकड्यांत लिहिलेला असला तरी मजकूरच. फोन आणि पिनकोडचंही तेच. सगळे क्रमांक पाच अंकी ठेवले की मजकूर म्हणूनही क्रम बरोबर लागतो.

खरी डोकेदुखी देवघेवीच्या तारखांची होती. त्या मजकूर म्हणून भरल्या होत्या, म्हणून ‘१०/७’ हे ‘२/७’च्या आधी येई. रकाना ‘तारीख’ प्रकारात बदलण्याआधी मी त्याची प्रत काढून ठेवली, आणि फार बरं केलं! ग्रंथपाल काकांनी काही ठिकाणी ‘पाडव्याला’, ‘दिवाळीनंतर’ असं लिहिलं होतं. ते सगळे चौकोन कोरे झाले. प्रतीत बघून काकांना विचारलं, त्यांना एकूण एक आठवत होतं. आता परतीची तारीख सूत्रानेच निघते, नेल्यापासून १५ दिवस.

साहित्यप्रकाराला ‘एक पर्याय निवडा’ हा प्रकार दिला. त्याआधी ‘कादंबरी’, ‘कादंबऱ्या’ आणि ‘कादंबरि’ एकसारखं करून घ्यावं लागलं, नाहीतर तिघांचे तीन पर्याय झाले असते.

लेखकांचा वेगळा तक्ता करून तो पुस्तकांना जोडायचं काम या रविवारी काढलंय.