दुसरीकडून घेतलेल्या ट्रॅक्टरची सर्व्हिस जवळच्या डीलरकडून कशी करून घ्यावी

ट्रॅक्टर दूरच्या डीलरकडून घेतलेला असो, आधीच्या मालकाकडून घेतलेला असो किंवा लिलावात मिळालेला असो, त्याची देखभाल मात्र जवळच्याच वर्कशॉपमध्ये व्हावी लागते. विक्रीचा फायदा दुसऱ्याला झाला आणि काम मात्र आपल्याकडे आले, असे त्या जवळच्या डीलरला वाटणे साहजिक आहे. तरीही बहुतेक डीलर असे काम घेतात. फक्त पैसे देऊन करून घ्यायचे काम आणि वॉरंटीतले काम या दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण पहिल्या कामात डीलरचा फायदा असतो आणि दुसऱ्यात तो असतोच असे नाही.

वॉरंटीचा व्यवहार आधी समजून घ्यावा

नव्या ट्रॅक्टरची वॉरंटी कंपनी देते, डीलर देत नाही. डीलर दुरुस्ती करतो, कंपनीकडे क्लेम पाठवतो आणि कंपनी त्याला सुट्या भागांचे व मजुरीचे पैसे देते. ही मजुरी प्रत्येक कामासाठी कंपनीने ठरवून दिलेल्या तासांप्रमाणे मिळते. क्लचसाठी ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागला आणि गंजलेल्या बोल्टांमुळे मिस्त्रीचा जास्त वेळ गेला, तर तो वाढीव वेळ बहुधा डीलरच्या अंगावर पडतो. दोष शोधण्यात गेलेल्या वेळेचे पैसेही पूर्ण मिळतीलच असे नसते. त्यामुळे ऐन हंगामात, स्वतःचे जुने ग्राहक रांगेत उभे असताना, बाहेरून घेतलेल्या ट्रॅक्टरच्या वॉरंटीच्या कामाबाबत डीलरने हात आखडता घेतला, तर त्यामागे आकस असण्यापेक्षा हिशेब असण्याची शक्यता जास्त असते. हे लक्षात ठेवून बोलणाऱ्या ग्राहकाचे काम लवकर होते.

काही गोष्टी मात्र या वॉरंटीत येत नाहीत. जुना ट्रॅक्टर विकताना एखाद्या डीलरने स्वतःच्या नावाने काही महिन्यांची हमी दिली असेल, तर ती त्याच्यापुरतीच असते. दुसरा डीलर तिला बांधील नसतो. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी बहुधा त्यांच्या उत्पादकांची असते. फिल्टर, बेल्ट, क्लच प्लेट यांसारख्या झिजणाऱ्या भागांना ती सहसा लागू होत नाही किंवा मर्यादित स्वरूपात लागू होते. लोडर किंवा रोटाव्हेटर सोबत घेतला असेल, तर त्याचा क्रमांकही वेगळा असतो आणि कागदही वेगळे असतात.

क्रमांक आणि कागद एकत्र करावेत

डीलरच्या दृष्टीने ट्रॅक्टरची खरी ओळख त्याच्या क्रमांकात असते. चेसिसवरील पाटीचा क्रमांक आणि इंजिनवरील क्रमांक हे दोन्ही पाहून लिहून घ्यावेत आणि पाट्यांचे स्पष्ट फोटो काढावेत. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन कधीकधी बदललेले असते. अशा वेळी मॉडेलच्या नावावरून मागवलेले पिस्टन किंवा गॅस्केट बसत नाहीत आणि दोष उगाच डीलरला दिला जातो. पाटी निघून गेली असेल किंवा खरवडलेली दिसत असेल, तर मालकीचे कागद आधी तपासून घ्यावेत, कारण सावध डीलर असे यंत्र वर्कशॉपमध्ये घेत नाही.

क्रमांकासोबत खरेदीचे बिल, ताबा घेतल्याची तारीख, आतापर्यंतच्या सर्व्हिसची नोंद आणि अवरमीटरवरील (ट्रॅक्टर किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरवरील) तास एवढे हाताशी असावे. तेल व फिल्टर स्वतः बदलत असाल, तर त्यांची बिले जपून ठेवावीत आणि त्यांच्यावर त्या दिवशीचे तास लिहून ठेवावेत. अवरमीटर बदललेला असल्यास जुन्या मीटरवरचा शेवटचा आकडा आणि बदलल्याची तारीख नोंदवावी. इंजिनच्या फेऱ्यांवर चालणारे जुने यांत्रिक मीटर इंजिन मंद चालताना हळू पुढे सरकतात, तर इलेक्ट्रॉनिक मीटर बहुधा घड्याळाप्रमाणे तास मोजतात. त्यामुळे दोन्ही मीटरच्या आकड्यांची नुसती बेरीज करून निष्कर्ष काढू नये.

पहिल्या सर्व्हिसच्या नोंदीला विशेष महत्त्व आहे. अनेक मॉडेलमध्ये ती सुमारे ५० तासांनी करायची असते; नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. नवे गियर एकमेकांवर बसताना धातूचा बारीक चुरा निघतो, तो तेलात मिसळतो आणि फिल्टरमध्ये अडकतो. म्हणूनच हा पहिला बदल इतक्या लवकर सांगितलेला असतो. बऱ्याच ट्रॅक्टरांमध्ये गियरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल पुरते. म्हणून कोणते तेल घातले हेही लिहून ठेवावे. चुकीचे तेल घातल्यास ब्रेक लावताना घरघर येते, आणि पुढे गियरबॉक्सचा क्लेम करायची वेळ आली की कंपनीचा पहिला प्रश्न याच नोंदींविषयी असतो.

योग्य डीलर कोणता ते ठरवावे

नव्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हे सोपे आहे. त्या कंपनीचा अधिकृत डीलर पाहावा आणि तो त्या कंपनीच्या ट्रॅक्टरांचाच डीलर आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण एकाच नावाखाली बागकामाची यंत्रे किंवा बांधकामाची यंत्रे विकणारे डीलर वेगळे असू शकतात. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत बॉनेटवरचे नाव आणि आजची कंपनी यांत फरक पडलेला असतो. फोर्डचा ट्रॅक्टर व्यवसाय १९९१ मध्ये फियाटकडे गेला आणि त्या वारशाचे भाग आज न्यू हॉलंडच्या जाळ्यातून शोधावे लागतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीयंत्रांचा व्यवसाय १९८५ मध्ये केस या कंपनीत मिसळला आणि त्यातून केस आयएच हे नाव आले. डेव्हिड ब्राउन त्याआधीच, १९७२ मध्ये, केसच्या मालक कंपनीने घेतला होता. ॲलिस-चाल्मर्स १९८५ मध्ये जर्मन कंपनी ड्यूट्सकडे गेली आणि १९९० मध्ये तिथून ॲग्को ही कंपनी उभी राहिली. आपला ट्रॅक्टर कोणत्या घराण्यात गेला हे माहीत असेल, तर सुट्या भागांच्या खिडकीवरच्या माणसाचाही वेळ वाचतो. माझ्या मते जुन्या ट्रॅक्टरसाठी डीलर निवडताना चकाचक शोरूमपेक्षा याच माणसाच्या अनुभवाला जास्त वजन द्यावे.

पहिली भेट बिघाड होण्याआधी घ्यावी

ट्रॅक्टर बंद पडल्यावर डीलरची ओळख करून घेणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. कामाची गर्दी नसताना जावे, विक्री विभागाऐवजी सर्व्हिस प्रमुखाला भेटावे आणि क्रमांक देऊन तीन गोष्टी तपासायला सांगाव्यात: ट्रॅक्टरची नोंदणी कंपनीकडे झाली आहे का, वॉरंटी कोणत्या तारखेपासून चालू आहे, आणि कंपनीने या क्रमांकासाठी जाहीर केलेली एखादी सुधारणा किंवा सुरक्षेची दुरुस्ती बाकी आहे का. विक्रेत्या डीलरने नोंदणीच केलेली नसेल, तर वॉरंटी कागदावर अस्तित्वातच नसते. ती नोंदणी त्याच्याकडून ताबडतोब करून घ्यावी. ट्रॅक्टर प्रात्यक्षिकासाठी वापरलेला असेल, तर वॉरंटीची सुरुवात खरेदीच्या तारखेआधीची निघू शकते. दुसऱ्या मालकाने घेतलेल्या ट्रॅक्टरची उरलेली वॉरंटी त्याच्या नावावर करण्यासाठी काही कंपन्या अर्ज मागतात. त्याची मुदतही याच वेळी विचारावी.

मोफत सर्व्हिसचे कूपन असेल, तर ते इथे चालेल का हेही स्पष्ट विचारावे. त्याच भेटीत फिल्टरचा संच विकत घ्यावा किंवा पुढच्या नियमित सर्व्हिसची पैसे देऊन वेळ ठरवावी. डीलरकडे नावाने खाते उघडलेले असले आणि त्यात दोन-चार बिलांची नोंद असली, की पुढे वॉरंटीचे काम घेऊन येणारा ग्राहक परका राहत नाही. हे वशिल्याचे लक्षण मानण्याचे कारण नाही. रांगेत कोणाला आधी घ्यायचे, हे कोणत्याही वर्कशॉपमध्ये असेच ठरते.

ट्रॅक्टर नेताना

अवजारे काढून ठेवावीत. मात्र दोष पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या शाफ्टवर) किंवा एखाद्या विशिष्ट अवजारासोबतच येत असेल, तर ते अवजार सोबत न्यावे किंवा दोष दिसतानाचा व्हिडिओ काढावा. चिखल धुवून काढावा, पण तक्रार तेलगळतीची असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी धुवू नये. आधी धुऊन काही तास काम करून न्यावा, म्हणजे तेल नेमके कुठून येते ते दिसते. वॉरंटीतला भाग स्वतः उघडून पाहू नये. मीटरवर फॉल्ट कोड दिसत असल्यास तो लिहून घ्यावा आणि बॅटरीची वायर काढून पुसण्याचा प्रयत्न करू नये. मिस्त्री शेतावर येणार असेल, तर त्याच्या प्रवासाचा आणि ट्रॅक्टर वाहून नेण्याचा खर्च वॉरंटीत बहुधा धरलेला नसतो.

जॉबकार्डावर लक्षण लिहावे, निदान नव्हे

जॉबकार्ड म्हणजे वर्कशॉपमधला कामाच्या नोंदीचा कागद. त्यावर काय लिहायचे, हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सर्वाधिक वाद इथेच होतात. ‘हायड्रॉलिक पंप बदलावा’ असे मालकाने लिहून दिले, डीलरने तो बदलला आणि दोष तसाच राहिला, तर पंपाचे पैसे मालकालाच भरावे लागतात. त्याऐवजी ‘थंड असताना लिफ्ट बरोबर उचलते, तासभर नांगरल्यावर तेल तापले की वर येत नाही’ असे लिहिल्यास कारण शोधण्याची जबाबदारी वर्कशॉपवर राहते आणि मिस्त्रीला दिशाही मिळते, कारण तापल्यावर तेल पातळ होते आणि झिजलेला पंप किंवा गळके सील तेव्हाच उघडे पडते.

सही करण्यापूर्वी दोन गोष्टी जॉबकार्डावर लिहून घ्याव्यात. किती रकमेच्या वर खर्च जाणार असल्यास आधी फोन करायचा, ही पहिली; आणि कंपनीने क्लेम नाकारला तर तपासणीचे व उघडझाकीचे पैसे कोणी भरायचे, ही दुसरी. पैसे देऊन बदललेले जुने भाग परत मागावेत. वॉरंटीत बदललेला भाग मात्र कंपनीच्या तपासणीसाठी डीलरला ठेवून घ्यावा लागतो, तो न मिळाल्याने शंका घेऊ नये. काम झाल्यावर ट्रॅक्टर नुसता चालू करून न पाहता शक्य असेल तिथे भाराखाली चालवून पाहावा, आणि बिलावर चेसिस क्रमांक व तास लिहिले आहेत याची खात्री करावी.

डीलरने नकार दिल्यास

नकाराचे कारण शांतपणे विचारावे. ‘आत्ता नाही’ आणि ‘कधीच नाही’ यांत फरक आहे. पहिल्या उत्तरावर तारीख मागावी. वॉरंटीच्या कामाला सरळ नकार असेल, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवावे. त्यात क्रमांक, तास, दोषाचे लक्षण, भेटीची तारीख आणि मिळालेले उत्तर एवढेच असावे. कंपनीचा त्या भागाचा सर्व्हिस अधिकारी सहसा त्याच डीलरशी बोलतो किंवा दुसरा डीलर सुचवतो.

वॉरंटी संपलेली असेल, तर स्वतंत्र मिस्त्रीचा पर्याय खुला असतो. नव्या ट्रॅक्टरांत अडचण इलेक्ट्रॉनिक्सची येते, कारण काही भाग बदलल्यावर ते कंपनीच्या सॉफ्टवेअरने ट्रॅक्टरशी जुळवावे लागतात आणि ते सॉफ्टवेअर बराच काळ डीलरांपुरतेच मर्यादित होते. युरोपीय संघाच्या २०१३ च्या १६७ क्रमांकाच्या नियमावलीत स्वतंत्र दुरुस्तीकारांना माहिती देण्याची तरतूद आहे, आणि अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्या भागात असा हक्क आहे का, हे मिस्त्री निवडण्यापूर्वी पाहावे.

सर्वांत अवघड प्रकरण असते ते एका देशाच्या बाजारासाठी बनवलेला आणि जुना झाल्यावर दुसऱ्या देशात आणून विकलेला ट्रॅक्टर. जपानमध्ये वापरलेल्या कुबोटा ट्रॅक्टरांच्या अमेरिकेतील आयातीवरून झालेला वाद १९९९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल आयातदारांच्या विरोधात लागला. अशा मॉडेलचे भाग, सुरक्षेच्या सूचना आणि पुस्तिका स्थानिक मॉडेलपेक्षा वेगळ्या असू शकतात, आणि डीलरच्या संगणकात तो क्रमांक सापडतही नाही. इथे डीलरशी वाद घालून उपयोग नसतो. बेअरिंग आणि सील यांच्यावर बहुधा आकाराचे प्रमाणित क्रमांक असतात, त्यामुळे ते इतरत्रही मिळू शकतात. गियर, शाफ्ट आणि हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह यांसाठी मात्र त्याच मॉडेलचे भाग आयात करणारा विक्रेता शोधावा लागतो, आणि तो सापडतो की नाही हे ट्रॅक्टर विकत घेण्यापूर्वीच पाहून ठेवावे.