जुन्या जीप-जिप्सीचा क्लच बदलताय? या चुका टाळा

चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. मेकॅनिक एक फेरी मारून येतो, "क्लच गेला" म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स जमिनीवर उतरलेला असतो. जुन्या फोर बाय फोरमध्ये खरा खर्च इथे होतो. क्लच प्लेटच्या किमतीपेक्षा ट्रान्सफर केससकट (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीसकट) गिअरबॉक्स उतरवणं-चढवणं हे मोठं काम आहे. ते गरज असेल तरच करावं, आणि करायचंच तर पुन्हा करावं लागणार नाही असं.

आधी पेडल बघा, मग पाने काढा

जिप्सीचा क्लच केबलवर चालतो. प्लेट झिजत जाते तसं पेडलचं फ्री प्ले, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल, कमी होतं. ते संपलं की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोटांवर कायमचं टेकून राहतं आणि बऱ्यापैकी शिल्लक असलेली प्लेटही घसरायला लागते. फ्री प्ले साधारण 20 ते 30 मिमी असावं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. केबलचा नट फिरवायला पाच मिनिटं लागतात, पण ती पाच मिनिटं देणारे कमी.

फ्री प्ले बरोबर असूनही शंका राहिली, तर सपाट मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये, कमी वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झटकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. ही चाचणी एखाददुसऱ्या वेळेलाच करा. पुन्हा पुन्हा करून उरलीसुरली प्लेटही जाळण्यात अर्थ नाही.

गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना खरखरतं, ही तक्रार अगदी वेगळी. इथे क्लच घसरत नसतो, तो पूर्ण सुटत नसतो. केबल ताणलेली, लिंकेजचे पिन आणि भोकं झिजलेली, हायड्रॉलिक असेल तर लाइनमध्ये हवा किंवा स्लेव्ह सिलिंडर गळका, नाहीतर पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनच्या बाजूला धरणारं) जाम, अशी कारणं असतात. यातलं पायलट बेअरिंग सोडलं तर बाकी सगळं गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होतं.

आवाजावरूनही बरंच कळतं. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर संशय रिलीज बेअरिंगवर. दाबल्यावर आवाज बंद झाला, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. दुसऱ्या प्रकारात नवा क्लच टाकून आवाज जाणार नाही.

आरसी बुक बघून प्लेट मागवणं

नव्या गाडीत हे चालतं. जुन्या जीपमध्ये फसगत होते, कारण बॉनेटखाली काय आहे ते कागदावरून कळत नाही. महिंद्राची एमएम 540 मूळच्या प्यूजो डिझेलवर असेल, कुणी नंतर डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसवलं असेल, कुणी मॅटाडोरचं किंवा इसुझूचं. (बदललेलं इंजिन आरटीओत नोंदवून घ्यावं लागतं, हे अनेकांना गाडी विकायच्या वेळी आठवतं.) अशा गाडीत फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) एका घराण्याचं, गिअरबॉक्स दुसऱ्या. प्लेटचा व्यास फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटशी जुळायला हवा, स्प्लाइन (प्लेटच्या मधल्या भोकातले दात) गिअरबॉक्सच्या शाफ्टशी. जिप्सीतही 970 सीसी आणि 1298 सीसी इंजिनांचे भाग एकमेकांचे समजू नका. जुनी प्लेट दुकानात घेऊन जा, व्यास मोजा, स्प्लाइनचे दात मोजा, हबची उंची बघा. शक्य असेल तर नवी प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून बघितल्याशिवाय पुढचं काम सुरूच करू नका.

भाग मिळतच नसेल तर जुन्या प्लेटला नवं लायनिंग रिव्हेट करून घेता येतं. मी त्याच्या विरोधात नाही. पण हबच्या स्प्रिंगा ढिल्या असतील किंवा स्प्लाइन खाल्ली असेल, तर ती प्लेट भंगारातच जाऊ द्या.

"हेवी ड्यूटी" टाकून प्रश्न सुटेल हा समज

मोठे टायर टाकल्यावर क्लच लवकर जळायला लागतो आणि मग मालक कडक प्रेशर प्लेट किंवा सिरॅमिक प्लेटच्या मागे लागतो. आधी गणित बघा. 28 इंची टायर काढून 31 इंची टाकले की गिअरिंग साधारण 11 टक्क्यांनी उंच होतं, म्हणजे गाडी हलवताना क्लच तेवढा जास्त वेळ घासतो. याचा खरा इलाज क्राउन-पिनियनच्या (अ‍ॅक्सलमधल्या गिअरजोडीच्या) किंवा ट्रान्सफर केसच्या रेशोत आहे. कडक प्रेशर प्लेटने पेडल जड होतं, केबल आणि फोर्कवर ताण येतो, क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवरही येतो. सिरॅमिक प्लेट झटका देऊन पकडते. दगडांवरून इंचाइंचाने गाडी चढवताना नेमकं तेच नको असतं. घाट, चिखल आणि अधूनमधून ट्रेल एवढाच वापर असेल तर चांगली ऑरगॅनिक प्लेट पुरते.

आणि लो रेशो (फोर लो, ट्रान्सफर केसचा सावकाश पण जोराचा गिअर) वापरा! सीजे-3बीसारख्या जुन्या जीपमधल्या स्पायसर 18 ट्रान्सफर केसचा लो रेशो 2.46 आहे. म्हणजे चाकांवर जवळजवळ अडीचपट जोर येतो आणि क्लचला तेवढा त्रास कमी. फोर लो टाकायचा आळस करून हायमध्ये हाफ क्लचवर चढ काढणाऱ्याला कुठल्याच कंपनीची प्लेट पुरणार नाही. फक्त कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर लो नको, ट्रान्समिशन आवळून बसतं.

गिअरबॉक्स खाली असताना कंजुषी

प्लेट नवी, बाकी सगळं जुनं, हा हिशेब सहसा फसतो. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग किंवा बुश एकत्रच बदला. बेल हाउसिंगमध्ये तेल दिसलं तर ते कुठून आलं ते आधी शोधा. इंजिन ऑइल असेल तर मागचा मेन सील. गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सचा पुढचा सील. गळती तशीच ठेवली तर नवी प्लेटही तेलात भिजून घसरेल.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर लेथवर फेसिंग करून घ्या. खोल तडा असेल तर ते वापरू नका. काही फ्लायव्हीलना पायरी असते. तिथे घर्षणाची बाजू जेवढी कापली तेवढीच प्रेशर प्लेट बसते ती बाजूही कापावी लागते, नाहीतर दाब बदलतो. लेथवाल्याला हे आधीच सांगा.

जुन्या लायनिंगच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. बेल हाउसिंगमध्ये कंप्रेसरची हवा मारू नका. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

बसवताना

"फ्लायव्हील साइड" ही खूण वाचा. प्लेट उलटी बसली तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. नव्या भागांवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने साफ करा. स्प्लाइनला ग्रीस पुसट बोट फिरवल्याइतकंच, जास्त झालं तर ते उडून लायनिंगवर जातं. डमी शाफ्टने (प्लेट मधोमध धरायला वापरतात त्या नकली शाफ्टने) प्लेट मधोमध आणा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्या.

गॅरेजमध्ये सर्रास दिसणारी चूक मात्र वेगळीच: गिअरबॉक्स अर्धवट आत गेला की जॅक सोडून हात पुसायला जाणं. त्या वेळी सगळं वजन प्लेटच्या हबवर लटकतं, प्लेट वाकते आणि नव्या क्लचलाही गिअर खरखरतात. बॉक्स आत जात नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, बाहेर काढून अलाइनमेंट पुन्हा बघा. हायड्रॉलिक क्लचमध्ये मॅन्युअलमध्ये दिलेलं ब्रेक फ्लुइडच घाला. हाताशी आहे म्हणून इंजिन ऑइल ओतलंत तर रबरी सील फुगतात.

पहिले पाचएकशे किलोमीटर ट्रेलला जाऊ नका, नवं लायनिंग नीट बसू द्या. नंतर ओढ्यातून गाडी काढून ती महिनाभर उभी ठेवलीत आणि गिअर पडेनासा झाला, तर लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. बहुतेक वेळा प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. इंजिन गरम करून बंद करा. मोकळ्या मैदानात, समोर कुणी नसताना, क्लच पूर्ण दाबून दुसऱ्या गिअरमध्ये स्टार्ट मारा. गाडी झटक्याने पुढे जाईल, ब्रेकवर पाय तयार ठेवा. थोडं चालवून, क्लच दाबूनच ब्रेक मारल्यावर प्लेट बऱ्याचदा सुटते.