हस्तकलेचा स्टॉल : भाडे सुटले म्हणजे कमाई झाली असे नाही

मुंबईतील प्रदर्शनांत हाताने घडवलेल्या वस्तू विकणाऱ्यांच्या तोंडी दिवसअखेरीस हमखास एक वाक्य येते, ‘चला, भाडे तरी सुटले.’ या वाक्यात समाधान असले तरी हिशेब पुरा झालेला नसतो, कारण स्टॉलचे भाडे सुटले तरी वस्तू घडवणाऱ्याची मजुरी सुटलेली असेलच असे नाही. म्हणून पहिल्यांदा स्टॉल घेणाऱ्याने अर्ज भरण्याआधी कागद घेऊन बसावे आणि एका वस्तूचा खर्च पै-पैसह मांडावा.

समजा, वारली शैलीत रंगवलेली एक कापडी पिशवी आहे. कोरी पिशवी ९० रुपये, रंग आणि ब्रशची झीज २० रुपये, वेष्टन १० रुपये, असे साहित्याचे १२० रुपये होतात. रंगवायला दोन तास लागत असतील आणि तासाला १२० रुपये मजुरी धरली, तर पिशवी ३६० रुपयांना पडते. दोन दिवसांचे भाडे, टेम्पो, मदतनीस आणि खाणेपिणे मिळून ८,००० रुपये खर्च येणार असेल आणि पिशवी ५५० रुपयांना विकली, तर प्रत्येक पिशवीमागे १९० रुपये उरतात आणि हा खर्च भरून निघायला ४३ पिशव्या विकाव्या लागतात. गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर तीच पिशवी ४५० रुपयांना देत गेल्यास हा आकडा ८९ वर जातो. मजुरी धरलीच नाही, तर १९व्या पिशवीलाच खर्च निघाल्यासारखा वाटतो, पण त्या पिशव्यांवर घालवलेले ३८ तास फुकट गेलेले असतात. अनेक गुणी कारागीर दोन-तीन वर्षांत स्टॉल लावणे सोडून देतात, त्यामागे बहुधा हे न मोजलेले तास असतात, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

प्रदर्शन निवडताना गर्दीपेक्षा गर्दीचा हेतू पाहावा. १९९९ पासून भरत आलेल्या काळा घोडा कला महोत्सवाला प्रचंड लोक येतात, परंतु त्यांतील बरेच जण मांडणशिल्पे पाहायला, छायाचित्रे काढायला आणि फिरायला येतात. तेथे नाव होते, ओळखी होतात, मात्र मोठ्या वस्तूंपेक्षा खिशाला सहज परवडणाऱ्या वस्तू अधिक खपतात. वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर भरणारे महालक्ष्मी सरस हे बचत गटांसाठीचे प्रदर्शन आहे आणि तेथे येणारी कुटुंबे खरेदीच्या तयारीनेच येतात. दादर, पार्ले, ठाणे येथील सभागृहांत दिवाळीपूर्वी भरणाऱ्या ग्राहक पेठांत गर्दी तुलनेने कमी असली, तरी येणाऱ्या बाईच्या हातात यादी असते. ज्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा आहे, तेथे शक्य असल्यास आधीच्या वर्षी प्रेक्षक म्हणून जावे, अर्धा तास बाहेर पडण्याच्या वाटेवर उभे राहावे आणि किती जणांच्या हातात खरेदीच्या पिशव्या आहेत ते पाहावे. आयोजकांनी सांगितलेल्या आकड्यांपेक्षा हे निरीक्षण अधिक कामाचे असते.

पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचाराव्यात. टेबलाची लांबी-रुंदी, दिवा आणि प्लगची सोय, रात्रीचा पहारा, वर छप्पर आहे की नाही, प्रदर्शन रद्द झाल्यास पैसे परत मिळणार का, आणि आपल्यासारख्याच वस्तूंचे आणखी किती स्टॉल आहेत, हे त्यांतले मुख्य मुद्दे. व्यासपीठाच्या कर्ण्यासमोरची जागा टाळावी, कारण तेथे गिऱ्हाइकाशी बोलताच येत नाही. वस्त्रे किंवा कागदाच्या वस्तू असतील, तर तळणीच्या गाड्यांपासूनही दूर राहावे. सरकारी प्रदर्शनांत भाग घ्यायचा असेल, तर केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाकडून मिळणारे कारागीर ओळखपत्र काढून ठेवणे उपयोगाचे ठरते.

मांडणीचा सराव घरीच करावा. जमिनीवर टेबलाच्या मापाची खूण करून सर्व माल त्यात बसवून पाहिला, की निम्मा माल अनावश्यक आहे हे बहुधा लक्षात येते. मुंबईच्या गर्दीत टेबलावर आडवी पसरलेली वस्तू पहिल्या रांगेमागच्या माणसाला दिसत नाही, म्हणून पाठीमागे जाळी किंवा पडदा लावून निवडक वस्तू डोळ्यांच्या उंचीवर टांगाव्यात. एखादी मोठी, महाग आणि उत्तम वस्तू मध्यभागी असावी. ती विकली गेली नाही तरी पावले तिच्यामुळे थांबतात आणि थांबलेला माणूस शेजारची शंभर-दीडशेची वस्तू घेऊन जातो. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असलीच पाहिजे, कारण भाव विचारायला संकोचणारे अनेक जण न विचारताच पुढे निघून जातात.

सामान लोकलच्या लगेज डब्यातून न्यायचे असल्यास सकाळची गर्दी सुरू होण्यापूर्वी निघावे. दमट हवेमुळे चांदीचे आणि पितळेचे दागिने काळवंडतात, तेव्हा ते हवाबंद पिशव्यांत ठेवून मांडणीपुरतेच बाहेर काढावेत. ऑक्टोबरात परतीचा पाऊस कधीही गाठतो, त्यामुळे मोठे प्लास्टिक जवळ असावे आणि खोके जमिनीला टेकवू नयेत. मैदानात गर्दी वाढली की मोबाइलचे नेटवर्क मंदावते. यासाठी यूपीआयचा छापील कोड, दुसऱ्या कंपनीचे सिम आणि पुरेसे सुट्टे पैसे, हे सर्व हाताशी असावे. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर दिसणाऱ्या पावतीवर विसंबू नये, आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याचा संदेश पाहूनच वस्तू द्यावी.

दुपार उलटली तरी भवानी झाली नाही, असा दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतो. अशा वेळी मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या विक्रेत्याकडे कोणी फिरकत नाही. त्याऐवजी ब्रश किंवा सुई-दोरा हाती घेऊन तेथेच काम सुरू करावे. हात चालताना दिसला की लोक थबकतात, मुले आईचा पदर ओढून थांबवतात आणि ‘हे खरेच तुम्ही करता?’ या प्रश्नापासून बोलणे सुरू होते. ‘हे तर घरीही करता येईल’ असे कोणी म्हटल्यास वाद घालू नये, ते कसे करतात हे दोन वाक्यांत आपुलकीने सांगावे. त्यात किती टप्पे आहेत हे कळल्यावर पुष्कळदा तीच व्यक्ती खरेदी करते. घासाघीस मात्र पहिल्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाशीही मान्य करू नये. भाव उतरवण्याऐवजी दोन वस्तूंवर एखादी लहान वस्तू भेट द्यावी, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर आपला भाव पडत नाही.

खास ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, माप, रंग आणि तारीख लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी, आणि दिवाळीच्या तोंडावर हातून होईल तेवढेच काम स्वीकारावे. राज्यातल्या राज्यात केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या पुढे जाईपर्यंत साधारणतः जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, तरीही पावतीपुस्तक ठेवावे, कारण भेटवस्तूंची मोठी ऑर्डर देणारी कार्यालये पावती मागतात.

रोज रात्री वहीत विक्रीबरोबर आणखी एक नोंद करावी. कोणती वस्तू लोकांनी उचलली, उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली? अशा वस्तूचे आकर्षण सिद्ध झालेले असते, दोष किमतीत किंवा सफाईत असतो. पिशवीचा बंद आखूड आहे, कानातले जड आहे, चौकटीला हूक नाही, अशा कारणांचा शोध बहुधा येथेच लागतो. ज्या वस्तूला कोणी हातच लावला नाही, ती पुढच्या वेळी आणू नये.

उरलेला माल शेवटच्या संध्याकाळी पडेल भावात काढून टाकण्याचा मोह आवरावा, कारण दोन दिवसांपूर्वी पूर्ण किंमत दिलेले गिऱ्हाईक त्याच गर्दीत असू शकते. तो माल विक्रीनंतर पैसे देणाऱ्या एखाद्या दुकानात ठेवता येतो. मात्र दुकानाचा वाटा, पैसे देण्याची मुदत आणि खराब झालेल्या वस्तूची जबाबदारी, या तिन्ही बाबी आधी लिहून घ्याव्यात आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन माल मोजावा.