बाप्तिस्म्याच्या नोंदींतून ब्रिटिश पूर्वज शोधताना या चुका टाळा

घराण्यात कुणी गोरा सार्जंट, रेल्वेचा ड्रायव्हर किंवा कंपनी सरकारचा कारकून होऊन गेला असेल, तर त्याचा माग बहुतेक वेळा बाप्तिस्म्याच्या नोंदीतूनच लागतो. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या या नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या विलायतेतल्या सरकारी खात्याच्या) दप्तरात आहेत, प्रत्येक इलाख्याची मालिका वेगळी: बंगालसाठी एन/1, मद्राससाठी एन/2, मुंबईसाठी एन/3. मुंबईची मालिका 1709 ते 1948 अशी आहे. अनुक्रमणिका फॅमिलीसर्च आणि फिबिस (ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांचा शोध घेणारी संस्था) यांच्या संकेतस्थळांवर फुकट चाळता येते, पानांची छायाचित्रं फाइंडमायपास्टवर पैसे भरून मिळतात. दप्तर एवढं हाताशी असूनही ‘नोंदच नाही’ म्हणून लोक हात टेकतात, ते बहुधा पुढच्या कारणांनी.

पहिली चूक म्हणजे बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख समजणं. लहान ठाण्यांवर पाद्री कायम नसे. तो फेरीवर आला की एकाच दिवशी तिघा-चौघा भावंडांचा बाप्तिस्मा उरकला जाई. ती जुळी-तिळी नव्हेत! जन्मतारखेचा रकाना वेगळा असतो, तो वाचा. शोधताना अंदाजे जन्मसालाच्या पुढची निदान पाच वर्षं धरा. आईवडील रजेवर विलायतेला गेले असतील तर बाप्तिस्मा तिथल्या गावच्या चर्चमध्ये झालेला असू शकतो. आणि 1752 पूर्वीची नोंद असेल तर आणखी एक गोम आहे: इंग्रजी वर्ष तेव्हा 25 मार्चला सुरू होई, म्हणजे फेब्रुवारी 1730 असं लिहिलेलं असेल तर आपल्या हिशेबाने ते 1731 असू शकतं.

आजच्या नकाशावर गाव बघून मालिका ठरवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नोंद कुठल्या इलाख्यात गेली, हे तिथे पलटण कुणाची आणि पाद्री कुणाच्या हाताखाली यावर ठरे. कामठी आणि जालना आज महाराष्ट्रात, पण तिथल्या छावण्या मद्रास आर्मीच्या. म्हणून एन/2 पाहिल्याशिवाय तो शोध सोडू नका. उलट कराची आणि एडन दीर्घकाळ मुंबई इलाख्यात होते. गावांची नावं जुन्या इंग्रजी वळणानेच शोधा: पूना, किर्की, टन्ना, अहमदनग्गर, सत्तारा, शोलापूर. हैदराबाद दिसलं तर दख्खनचं की सिंधचं, हे आधी ठरवा.

लंडनची प्रत ही नकलेची नक्कल. चॅप्लेनने (ठाण्यावरच्या पाद्रीने) आपल्या नोंदी उतरवून इलाख्याच्या मुख्य ठिकाणी पाठवायच्या, तिथल्या कारकुनाने त्या पुन्हा उतरवून विलायतेला धाडायच्या. दोन हातांखालून गेलेलं आडनाव बदललं तर नवल नाही. इंग्रजी वळणदार अक्षरात ‘एल’चा ‘एस’ आणि ‘टी’चा ‘एफ’ सहज होतो. आडनावाने काही सापडलं नाही तर तो रकाना मोकळा सोडा आणि बापाचं नाव, आईचं नाव, ठिकाण यांवर शोधा. आईचं माहेरचं आडनाव बहुधा दिलेलं नसतं, त्यासाठी लग्नाची नोंद काढावी लागते. आई एतद्देशीय असेल तर अनेकदा तिचं नुसतं ख्रिस्ती नाव असतं, कधी तेही नाही. इथे चिडून उपयोग नाही, पण रिकामी जागाही काहीतरी सांगते, ती टिपून ठेवा.

हुद्द्याच्या रकान्यात तर्क लढवू नका. ‘कंडक्टर’ म्हणजे तिकिटं फाडणारा नव्हे, तो दारूगोळा किंवा रसद खात्यातला वॉरंट ऑफिसर. ‘रायटर’ हा लेखक नव्हे, तो कंपनीचा सगळ्यात खालच्या पायरीचा मुलकी नोकर. ‘नॅचरल सन’ म्हणजे विवाहबाह्य मुलगा. ‘ईस्ट इंडियन’ किंवा ‘इंडो-ब्रिटन’ म्हणजे मिश्र वंशाचा. ‘अँग्लो-इंडियन’ हा शब्द 1911च्या जनगणनेपासून सरकारदरबारी त्या अर्थाने रुळला. त्याआधी तो बहुधा इथे राहणाऱ्या इंग्रजालाच लावत.

बाप शिपाई असेल तर पलटण कंपनीची की राणीची, हे आधी बघा. राणीच्या पलटणींतल्या मुलांच्या नोंदी इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या (जन्ममृत्यू नोंदणी कचेरीच्या) रेजिमेंटल रजिस्टरांतही असतात, 1761 ते 1924 पर्यंतच्या. पलटणींची नावंही बदलली: कंपनीची पहिली बॉम्बे फ्युजिलिअर्स 1862 साली 103वी रेजिमेंट झाली आणि 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्समध्ये गेली. माणूस तोच, तीन कागदांत पलटणीची नावं तीन.

आयरिश असेल तर तो बहुधा कॅथलिक, आणि कॅथलिकांच्या नकला लंडनला अर्ध्यामुर्ध्याच पोचल्या. तिथे मूळ चर्चचं रजिस्टरच गाठावं लागतं. ते लॅटिनमध्ये असेल तर जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, कॅरोलस म्हणजे चार्ल्स. पण त्यात धर्मपित्याचं आणि धर्ममातेचं नाव असतं, आणि ते अनेकदा आईचे सख्खे भाऊ-बहीण निघतात. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) नोंदीत ही सोय सहसा नाही.

चर्चला पत्र लिहिताना ‘आमच्या घराण्याची माहिती द्यावी’ असं मोघम मागू नका. मुलाचं नाव, बापाचं नाव व हुद्दा, बाप्तिस्म्याची तारीख, आणि लंडनच्या प्रतीतला खंड व फोलिओ क्रमांक एवढं द्या. फोलिओ पानाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच असतो, म्हणून पुढची बाजू की मागची तेही लिहा. आणि समासात नंतर काही लिहिलंय का, ते मुद्दाम विचारा. मूळ रजिस्टरात नंतर टिपलेला मजकूर लंडनच्या नकलेत येत नाही.