वळवाचा ढग उपग्रहातून कसा वाचावा: विमानासाठी पुढच्या दोन तासांचा अंदाज

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दुपारी दोनला ऊन रणरणत असते, आणि साडेचारला धावपट्टीवर वाऱ्याची दिशा उलटलेली असते. वळीव असाच येतो. मुंबईचे रडार आणि पुणे यांच्यामध्ये घाटमाथा उभा आहे, त्यामुळे सर्वांत खालच्या कोनातला बीम अडू शकतो. मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, दर अर्ध्या तासाने येतो आणि फक्त विमानतळाच्या परिसराचे सांगतो. ढग जन्माला येताना बघायचा असेल तर उपग्रहच हवा. मात्र उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो, पोट दिसत नाही. पुढची सगळी पद्धत या एका मर्यादेभोवती बेतलेली आहे.

हे मार्गदर्शन डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाचे नियोजन करणारे), शिकाऊ वैमानिक आणि हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. उड्डाणाचा निर्णय विमानतळाच्या हवामान कार्यालयाच्या अधिकृत ब्रीफिंगवर आणि सिग्मेटवरच (धोकादायक हवामानाचा विमानांसाठीचा इशारा) घ्यायचा.

काय उघडून ठेवायचे

भारतावर सध्या दोन उपग्रह उपयोगी पडतात. 74 अंश पूर्वेवरचा इन्सॅट-3डीआर 8 सप्टेंबर 2016 रोजी सोडला गेला, तर 82 अंश पूर्वेवरचा इन्सॅट-3डीएस 17 फेब्रुवारी 2024 रोजी. दोघांच्या इमेजरमध्ये (चित्र घेणाऱ्या उपकरणात) सहा चॅनेल आहेत. दृश्य आणि 1.6 मायक्रॉनचे शॉर्टवेव्ह चॅनेल 1 किलोमीटरचा तपशील देतात, 3.9 मायक्रॉनचे आणि दोन्ही थर्मल, म्हणजे उष्णतेची किरणे मोजणारी, चॅनेल (साधारण 10.8 आणि 12 मायक्रॉन) 4 किलोमीटरचा. पाण्याच्या वाफेचे चॅनेल 8 किलोमीटरचे आहे. चित्रे इस्रोच्या मोसडॅक आणि भारतीय हवामान विभागाच्या उपग्रह संकेतस्थळावर मिळतात. रॅपिड या साधनात कुठल्याही पिक्सेलवर कर्सर नेला की तापमानाचा आकडा दिसतो. आकड्याशिवाय हे काम करू नका. रंगीत चित्रात कुठे लाल संपतो आणि कुठे जांभळा सुरू होतो हे रंगतालिका ठरवते, ढग नव्हे.

शेजारी मेटार, रडार आणि विजांची नोंद देणारे, आयआयटीएम या पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचे दामिनी ॲप ठेवा. आणि एक वही.

वेळेबद्दल आधीच सावध व्हा. चित्रावरची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, म्हणून साडेपाच तास मिळवा. शिवाय पृथ्वीची पूर्ण चकती स्कॅन व्हायला सुमारे 26 मिनिटे लागतात आणि चित्रावर सुरुवातीची वेळ छापलेली असते. महाराष्ट्र त्यानंतर काही मिनिटांनी स्कॅन होतो, आणि चित्र तुमच्यापर्यंत पोहोचायला आणखी वेळ जातो. पडद्यावरचे "आत्ताचे" चित्र बहुधा अर्ध्या तासापूर्वीचे असते. वेगाने वाढणाऱ्या ढगासाठी अर्धा तास म्हणजे अर्धे आयुष्य.

सकाळ: कच्चा माल आहे का

पहाटे साडेपाचचे, म्हणजे 00 यूटीसीचे, सांताक्रूझ किंवा नागपूरचे बलून निरीक्षण घ्या. त्यातून तीन आकडे वहीत उतरवा: शून्य अंशाची उंची, उणे 40 अंशाची उंची आणि ट्रोपोपॉजची, म्हणजे हवामान घडते त्या थराच्या वरच्या सीमेची, उंची. हे आकडे दुपारी ढगाच्या तापमानावरून त्याची उंची काढायला लागतील. निरीक्षण मिळाले नाही तर उष्ण कटिबंधाचे ढोबळ आकडे वापरा: उणे 42 अंश म्हणजे सुमारे 10.9 किलोमीटर, उणे 55 म्हणजे 12.4, उणे 67 म्हणजे 14.2. दर किलोमीटरला साडेसहा अंश हा पुस्तकी दर जमिनीपासून थेट वरपर्यंत लावू नका. मे महिन्यातल्या तापलेल्या जमिनीलगत तो साफ चुकतो.

मग वाफेच्या चॅनेलचा सहा तासांचा लूप पाहा. हे चॅनेल मधल्या आणि वरच्या थरातली वाफ दाखवते, जमिनीलगतची नाही. चित्र काळे म्हणजे वरती कोरडी हवा, पण म्हणून वळीव येणार नाही असे नव्हे. खाली अरबी समुद्राची ओल आणि वर कोरडी हवा असली तर ढग कमी उठतात, पण उठतात त्यांतून कोसळणारा वारा जोरदार असतो: पाऊस त्या कोरड्या हवेत बाष्प होतो, हवा गार आणि जड होते, आणि ती खाली आदळते. खालची ओल पाहायला मेटारमधला दवबिंदू बघा.

बारा ते दोन: दृश्य चॅनेल

या दोन तासांत थर्मल चित्र जवळजवळ निरुपयोगी असते. कारण साधे आहे. दोन किलोमीटर रुंदीचा कोवळा ढग 4 किलोमीटरच्या पिक्सेलचा फक्त चौथा भाग व्यापतो. ढगाचा माथा उणे 40 अंश आणि भोवतालची जमीन 45 अंश असेल तर त्या पिक्सेलचे तापमान सुमारे 29 अंश दिसेल. म्हणजे वीज पाडण्याच्या बेतात असलेला ढग थर्मल चित्रात किंचित गार जमिनीसारखा दिसतो.

दृश्य चॅनेलमध्ये तोच ढग दोन पिक्सेलचा ठळक पांढरा ठिपका असतो. विखुरलेल्या कापसापेक्षा रांगा शोधा. सह्याद्रीच्या कण्यावर, समुद्री वाऱ्याच्या पुढच्या कडेवर आणि आदल्या दिवशी पाऊस पडलेल्या ओल्या पट्ट्याच्या काठावर ढग रांगेत उभे राहतात. जिथे दोन रांगा एकमेकींना मिळतात तिथे कर्सर ठेवा. बहुतेक वेळा पहिला सीबी (क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी ढग) तिथेच उठतो. दुपार उतरली की ढगांच्या सावल्या पूर्वेला लांब पडतात. शेजाऱ्यांपेक्षा लांब सावली म्हणजे उंच ढग.

याच वेळी 1.6 मायक्रॉनचे चित्र शेजारी लावा. बर्फकण या तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, पाण्याचे थेंब परावर्तित करतात. दृश्य चित्रात झळझळीत पांढरा राहिलेला माथा इथे काळवंडू लागला, की तो गोठू लागला. विजेचा भार साधारण उणे 10 ते उणे 20 अंशांच्या थरात, बर्फकणांच्या घर्षणातून तयार होतो. म्हणून माथा गोठणे ही विजेआधीची स्पष्ट खूण आहे.

दोन नंतर: गार होण्याचा वेग

आता थर्मल चॅनेलवर या. प्रत्येक संशयित ढगासाठी वेळ, जागा आणि सर्वांत कमी तापमान लिहा. एका चित्रातला आकडा फारसे सांगत नाही, दोन चित्रांतला फरक सांगतो. 15 मिनिटांत 4 अंशांनी गार होणारा ढग वाढतो आहे, 8 अंश किंवा जास्त असेल तर तो जोमाने उठतो आहे. दोन्ही उपग्रहांची चित्रे आलटून पालटून घेतली तर दर 15 मिनिटांनी चित्र मिळते, पण कोन वेगळे असल्याने फरक काढताना शक्यतो एकाच उपग्रहाची, अर्ध्या तासाच्या अंतराची चित्रे घ्या आणि उंबरठे दुप्पट करा. माथा शून्य अंशाखाली गेल्यापासून रडारवर जोरदार प्रतिध्वनी दिसेपर्यंत साधारण अर्धा तास मिळतो. या सगळ्या खटाटोपाची कमाई तो अर्धा तास आहे.

उदाहरणासाठी ओळीने असे आकडे घ्या: 14:45 ला उणे 12, 15:15 ला उणे 31, 15:45 ला उणे 52, 16:15 ला उणे 63, 16:45 ला उणे 64. पहिल्या दोन फरकांत इशारा द्यायचा असतो. शेवटच्या दोन आकड्यांत वाढ थांबलेली दिसते, पण धोका संपलेला नाही. उलट याच टप्प्यावर वर साचलेला पावसाचा भार खाली कोसळतो आणि धावपट्टीवर विंडशिअर (वाऱ्याच्या वेग-दिशेत अचानक बदल) येतो. "ढग आता गार होत नाही, वादळ ओसरले" हा वाचनातला सर्वांत महागडा घोटाळा आहे. उणे 63 अंश म्हणजे वरच्या आकड्यांनुसार साधारण 13.6 किलोमीटर, फ्लाइट लेव्हल 450 (सुमारे 45,000 फूट) च्या जवळ. प्रवासी जेट त्यावरून जाऊ शकत नाही, त्याला वळसाच घ्यावा लागतो.

ऐरणीसारख्या पसरलेल्या माथ्यात एखादा छोटा गार ठिपका दिसला, तापमान उणे 58 च्या खाली आणि भोवतालच्या माथ्यापेक्षा साडेसहा अंशांहून जास्त गार, तर तो ओव्हरशूटिंग टॉप समजा. खालून येणारा झोत ट्रोपोपॉज भेदून वर गेला आहे. त्याच्या आसपास, अगदी स्वच्छ दिसणाऱ्या हवेतही, तीव्र हादरे असतात. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासन तीव्र वादळापासून किमान 20 सागरी मैल, म्हणजे 37 किलोमीटर दूर राहायला सांगते. नकाशावर तेवढे वर्तुळ काढाच.

ढग कुठे आहे, कुठे चालला आहे

उपग्रह विषुववृत्तावरून तिरका पाहतो, म्हणून उंच माथा नकाशावर मूळ जागेपासून दूर सरकलेला दिसतो. इन्सॅट-3डीआरमधून पुण्याजवळचा 15 किलोमीटर उंच माथा सुमारे 6 किलोमीटर उत्तरेला दिसतो, दिल्लीजवळचा सुमारे 10. म्हणजे खरा ढग तेवढा दक्षिणेला आहे. जपानच्या हिमावारीची चित्रे दर दहा मिनिटांनी येतात म्हणून मोह होतो, पण तो 140.7 अंश पूर्वेवर आहे. मुंबईवरचा 12 किलोमीटर उंच माथा त्यात 50 किलोमीटरहून जास्त पश्चिमेला, भर समुद्रात दिसतो. महाराष्ट्रासाठी त्यावरून जागा ठरवू नका.

ढगाची चाल मोजताना ऐरणीचा मागोवा घेऊ नका. ती वरच्या वाऱ्याबरोबर पूर्वेला ओढली जाते आणि वादळ मात्र 3 ते 6 किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याने वेगळ्याच दिशेला जात असते. सर्वांत गार गाभा किंवा ऐरणीची वाऱ्याकडची रेखीव कडा पकडा. समजा गाभा धावपट्टीच्या आग्नेयेला 55 किलोमीटरवर आहे आणि अर्ध्या तासात 14 किलोमीटर तुमच्याकडे सरकला. वेग ताशी 28 किलोमीटर, म्हणजे 15 नॉट. पाऊस पोहोचायला दोन तास लागतील, पण गार वाऱ्याची लाट गाभ्याच्या 15-20 किलोमीटर पुढे धावते. म्हणून वाऱ्याचा इशारा सव्वा तासाचा द्या. दृश्य चित्रात ही लाट कधी कधी ढगांच्या बारीक कमानीसारखी दिसते. ती कमान दुसऱ्या कमानीला छेदेल तिथे नवा सीबी उठतो, आणि जुन्या गाभ्याची सरळ रेषेतली आकडेमोड तिथेच मोडते. दर चित्राला गणित नव्याने मांडा.

इशारा लिहिताना पाच गोष्टी हव्यात: वेळ, क्षेत्र, माथ्याची उंची, चाल, आणि वाढतो की ओसरतो. चालू चित्राची वेळ वेगळी नमूद करा.

जून उजाडला की नियम बदलतात

वळवाची सवय लागलेला माणूस पावसाळ्यात फसतो. कोकणात आणि घाटावर मान्सूनचा मुसळधार पाऊस पुष्कळदा 6-7 किलोमीटर उंचीच्या, तुलनेने उबदार माथ्याच्या ढगांतून पडतो. थर्मल चित्रात काहीच भयंकर दिसत नाही आणि मुंबईच्या धावपट्टीवर दृश्यमानता कोसळलेली असते. इथे रडार आणि मेटार पुढे, उपग्रह मागे. उलट, थरांच्या ढगात दडलेला सीबी शोधायचा असेल तर पसरलेल्या पांढऱ्या चादरीत आकड्यांनी गार ठिपके हुडका. सिग्मेटमधले "एम्बेडेड टीएस" हेच. वैमानिकाला तो डोळ्यांनी दिसत नाही.

हिवाळ्यातले धुके

रात्री धुक्याचा माथा आणि जमीन जवळजवळ सारख्याच तापमानाची असते, म्हणून एकट्या थर्मल चित्रात धुके अदृश्य राहते. बारीक थेंब 3.9 मायक्रॉनला कमी उत्सर्जन करतात, त्यामुळे 10.8 चे तापमान वजा 3.9 चे तापमान हा फरक धुक्यावर साधारण 2 अंश किंवा जास्त येतो. नाइट मायक्रोफिजिक्स या अनेक चॅनेल मिसळून केलेल्या रंगीत चित्रात हिरवा रंग याच फरकाचा असतो. दिल्ली आणि गंगेच्या मैदानावरचा पट्टा त्यात ठळक उठतो. नदीखोऱ्यातला अरुंद पट्टा 4 किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये हरवतो.

तीन ठिकाणी ही पद्धत पडते. वर उंच ढग आले की खालचे धुके झाकले जाते. धुके जमिनीला टेकले आहे की शंभर मीटर वर तरंगते आहे हे कळत नाही, ते मेटारच सांगतो. आणि सूर्योदयाच्या सुमारास सूर्यप्रकाश 3.9 मध्ये मिसळून फरक उलटा होतो. नेमक्या गर्दीच्या वेळी सुमारे तासभर आंधळेपणा येतो. त्याआधीच्या शेवटच्या चित्रावर धुक्याची कड आखून ठेवा, आणि ऊन चढल्यावर दृश्य चित्रात ती कुठे सरकली ते पाहा. धुके काठाकडून आत विरते. म्हणून काठाजवळचा विमानतळ आधी मोकळा होतो, पट्ट्याच्या मध्यावरचा सर्वांत शेवटी.

राख आणि धूळ

दोन्हींसाठी एकच युक्ती: 10.8 वजा 12 मायक्रॉन. ढगांवर हा फरक बहुधा धन असतो, खनिज कणांवर ऋण. राजस्थानातली मे-जूनची आंधी अशी ओळखता येते. 23 नोव्हेंबर 2025 रोजी उद्रेक झालेल्या, इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख दुसऱ्या दिवशी वायव्य भारतावर आली, तेव्हाही हाच फरक कामाला आला. राखेत बर्फ मिसळला किंवा ती फार विरळ झाली की ऋण खूण पुसट होते. अशा वेळी खूण दिसत नाही म्हणून मार्ग मोकळा धरायचा नाही. ज्वालामुखी राख सल्लागार केंद्राच्या सूचनेत आखलेले क्षेत्र आणि उंची तसेच्या तसे नकाशावर उतरवा आणि मार्ग त्याबाहेरून काढा.