लघवीची जळजळ, मुतखड्याची कळ, लघवीतून रक्त: कधी काय करावं

लघवीला आग होते, दर दहा मिनिटांनी जावंसं वाटतं आणि गेल्यावर जेमतेम चार थेंब येतात. उन्हाळी लागली म्हणायचं आणि तांब्याभर पाणी प्यायचं, एवढंच बहुतेक जण करतात. पाणी कमी पडल्यामुळे आग होत असेल तर ती निवतेही. दिवसभर भरपूर पाणी पिऊनही ती राहिली, तर मात्र संसर्ग धरूनच चाला.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा: वाट पाहायची की लगेच निघायचं. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या किंवा लघवी पूर्ण तुंबणं, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. संसर्ग मूत्राशयातून वर किडनीपर्यंत चढल्याची ही लक्षणं असू शकतात. मुतखडा असलेल्या माणसाला ताप भरला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखान्यात न्या. खड्यामागे अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर ते रक्तात पसरतात आणि जिवावर बेततं. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही आणि पुरुष यांनी साध्या जळजळीतही घरी थांबू नये. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषाचा साधारण 20. म्हणून बायकांना हा त्रास सहज होतो. पुरुषाला झाला तर मागे काही कारण आहे का, ते शोधावं लागतं.

यानंतर लघवीचा नमुना, आणि तोही अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. हे मी कळकळीने सांगते, कारण माझी चूक इथेच झाली. घरात उरलेल्या दोन गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी नमुना दिला. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच वाढलं नाही, त्रास मात्र तसाच. कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध त्याला लागू पडेल, हे कळायची संधी गेली. पहिल्यांदाच झालेल्या साध्या संसर्गात डॉक्टर कल्चरशिवायही औषध देतात. पण त्रास परत परत होत असेल तर कल्चर मागून घ्या.

नमुना द्यायचीही रीत आहे. हात धुवा, जागा साध्या पाण्याने धुवून कोरडी करा. बायकांनी पुढून मागे पुसायचं. डबीचं झाकण काढलं की ते उताणं ठेवा, आत बोट लावू नका. पहिली धार सोडून द्या, मग धार न थांबवता मधली लघवी डबीत घ्या. तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा; जमत नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात आणि रिपोर्ट फसवा येतो. साध्या तपासणीचा रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो, कल्चरला दोन-तीन दिवस लागतात.

गोळ्या जितके दिवस लिहून दिल्या असतील तितके दिवस घ्या. एक-दोन दिवसांत बहुधा बरं वाटतं, पण म्हणून थांबायचं नाही. ओटीपोटाला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक चांगला लागू पडतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. किडनी आधीच अशक्त असेल तर त्या तिला इजा करतात.

मुतखड्याची कळ कमरेच्या एका बाजूने उठते आणि जांघेत उतरते. माणूस तळमळतो, कोणत्याच कुशीवर त्याला चैन पडत नाही. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. तेवढे दिवस लघवी बारीक गाळणीतून गाळा आणि खडा सापडला की जपून लॅबला द्या. तो कशाचा बनलाय यावर पुढचं पथ्य ठरतं. पुन्हा खडा होऊ नये म्हणून रोज किमान अडीच लिटर लघवी व्हायला हवी. किती पाणी प्यायलो यापेक्षा किती बाहेर गेलं ते मोजा: एक दिवस घरी राहून प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजून बघा, आकडा बहुतेकांना चकित करतो. दूध बंद करण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. बहुतेक खडे कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट (अन्नातून येणारा एक क्षार) मिळून बनतात, पण जेवणातलं कॅल्शियम या ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, लघवीत उतरू देत नाही. कमी करायचं ते मीठ, कारण जास्त मीठ खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं.

न दुखता लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं आणि थांबलं, तरी दाखवाच. मूत्राशयाच्या कॅन्सरची सुरुवात अशी असू शकते, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. बीट खाल्ल्याने किंवा टीबीच्या रिफाम्पिसिनमुळेही लघवी लालसर होते, पण ते घरी ठरवू नका. साध्या तपासणीत कळतं.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर दुखत नसलं तरी वर्षातून एकदा दोन तपासण्या करा: रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचं (एका प्रथिनाचं) प्रमाण. किडनी बरीच खराब होईपर्यंत दुखत नाही. आणि किडनी किंवा हृदय आधीच कमजोर असेल, पायावर सूज येत असेल, तर भरपूर पाण्याचा वरचा सल्ला तुमच्यासाठी नाही. रोज किती पाणी चालेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.