गणवेश उतरवण्यापूर्वी: लष्करी डॉक्टरांसाठी नागपुरातील लोकारोग्याची तयारी

लष्करी वैद्यकसेवेतून निवृत्त होऊन नागपुरात लोकारोग्याचे नेतृत्व करू इच्छिणाऱ्या डॉक्टरांनी कागदपत्रांचे काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी वैध आहे का ते पाहावे, पदव्युत्तर पदवीची नोंदही तेथे करून घ्यावी आणि अर्जात लष्करी संक्षेप टाळून पाण्यातील क्लोरीनची तपासणी, डासनियंत्रण, साथीचा शोध अशी केलेली कामे सरळ शब्दांत लिहावीत.

त्याहून जास्त वेळ छेदावर, म्हणजे टक्केवारी ज्या एकूण लोकसंख्येवर काढतात त्या आकड्यावर, द्यावा, असे माझे ठाम मत आहे. पलटणीत नामावली हाती असते. वार्षिक तपासणीला कोण आले नाही हे संध्याकाळपर्यंत कळते आणि त्याला हजर राहण्याचा हुकूमही सुटतो. शहरात मात्र बांधकामावर राहणारी, काम संपताच दुसरीकडे जाणारी कुटुंबे कोणत्याच यादीत नसतात, त्यामुळे लसीकरणाची टक्केवारी वाचण्याआधी ती कोणत्या लोकसंख्येवर काढली आहे, हे विचारण्याची सवय आतापासून लावून घ्यावी.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अभ्यास विदर्भात अटळ आहे. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे उद्दिष्ट 2047 पर्यंत या आजाराचे उच्चाटन हे आहे. गावपातळीवरची सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी वाहक आणि रुग्ण यांच्यातील फरक सांगत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही खात्रीची चाचणी करावी लागते, आणि नेमक्या याच टप्प्यावर माणसे गळतात. लग्नाच्या वयाच्या मुलीचा अहवाल घरचे कपाटात ठेवून देतात, कारण स्थळ मोडण्याची धास्ती असते. तिला पुन्हा तपासणीला आणायचे तर आदेशाचा काही उपयोग नाही, तिच्या आईचा विश्वास मिळवावा लागतो. समुपदेशक हे काम कसे करतात, ते शेजारी बसून ऐकावे.

उन्हाळ्याचेही असेच आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा छावणीत कवायतीची वेळ बदलता येते. रोजंदारीच्या कामासाठी ठिय्यावर उभ्या असलेल्या मजुराला मात्र त्या दिवशीची मजुरी बुडवणे परवडत नाही. म्हणून महापालिकेचा उष्माघात प्रतिबंधक आराखडा वाचताना सावली, पाणी आणि कामाच्या वेळा यांविषयी कंत्राटदाराशी कोणी बोलायचे, हे त्यात लिहिले आहे का ते तपासावे.

कोण कोणाच्या अखत्यारीत आहे, याचा तक्ता स्वतः काढावा. मेडिकल आणि मेयो ही शासकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, डागा स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, शहरातील दवाखाने महापालिकेकडे, ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, तर एम्स केंद्राकडे. एकाच तापाच्या रुग्णाची माहिती यांपैकी कोठेही नोंदली जाऊ शकते, आणि ती एकत्र आणताना कोणताही हुद्दा सगळीकडे चालत नाही.

आशा सेविकांबद्दल थोडे आग्रहाने लिहितो. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते आणि तिचा मोबदला बराचसा कामागणिक ठरतो. तिला हाताखालचा जवान समजू नये. रुजू होण्यापूर्वी एखाद्या उपकेंद्राच्या ग्राम आरोग्य व पोषण दिवसाला परवानगी घेऊन जावे, तिच्यासोबत घरोघरी फिरावे, आणि कोणती घरे ती टाळते व का टाळते, हे तिलाच विचारून आपल्या वहीत उतरवून घ्यावे.